दुसरं बटण

४ फेब्रुवारी

मावशी,

इथूनच तुझ्या पाया पडतो. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणू नकोस. त्या कटिंग मशीनच्या धडधडीने तुझे कान गेलेत, फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने घालतेस. मागच्या वेळी मी सांगितलं एक आणि तू आईला सांगितलंस भलतंच. तेव्हा यावेळी कागदावर.

नोकरी सोडून वर्ष झालं. टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत मी आणि चष्मिस बसतो. चष्मिस म्हणजे माझी भागीदार, सर्किटं तीच बनवते, मी नुसती बडबड करतो. आमचं यंत्र तळहाताएवढं आहे. कागद कापायच्या मशीनवर ते डोळ्यासारखं बसतं आणि पात्याखाली हात आला की मशीन जागच्या जागी थांबवतं. चालतं, अगदी मस्त चालतं. फक्त पैसे नाहीत. आतापर्यंत तेवीस गुंतवणूकदारांनी नाही म्हटलंय. ते म्हणतात, आधी गिऱ्हाईक आणा. गिऱ्हाईक म्हणतं, आधी कंपनी जरा मोठी होऊ दे. एकाने तर नाश्ता खाऊ घालून नाही म्हटलं, तो त्यातल्या त्यात बरा.

पण आता एक बाई भेटल्यात. पूर्वी त्यांचा स्वतःचा कारखाना होता. तो विकून आता नव्या, अगदी पहिल्या पायरीवरच्या कंपन्यांत त्या स्वतःचे पैसे घालतात. मी नेहमीप्रमाणे तुझ्या गोष्टीने सुरुवात केली आणि बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या मावशींना भेटायला आवडेल." मावशी, दोन मार्चला आमची शेवटची बैठक आहे. तू यायचंस. बोलायचं काही नाही, नुसतं शेजारी बसायचं.

मी काय बोलतो त्याचा कागद सोबत ठेवलाय. सुरुवात अशी आहे: "अकरा वर्षांपूर्वी माझ्या मावशीची डाव्या हाताची दोन बोटं कागदाच्या मशीनखाली गेली. त्या मशीनला सुरक्षेसाठी दोन बटणं होती. त्यातलं एक बंद होतं आणि चार पैसे वाचवायला मालकाने ते दुरुस्त केलं नव्हतं." इथे मी थांबतो. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होते.

तिकीट काढून पाठवतो. हो म्हण.

तुझा,
उचापत्या


११ फेब्रुवारी

उचापत्या,

शंभर वर्षं जग, आणि निदान एक वेळ तरी धड जेव. तुझी आई सांगत होती, अगदी काटकुळा झालायस.

पत्र तीनदा वाचलं. यंत्राचं ऐकून फार बरं वाटलं. लहानपणी माझ्या घड्याळाची वाट लावलीस, तेव्हाच मी म्हटलं होतं की हा एक तर मोठा इंजिनिअर होईल नाहीतर चोर.

पण मला यायला जमायचं नाही रे. दोन तारखेला मी आता काम करते त्या बाइंडिंगमधून वह्यांचा मोठा माल जायचाय आणि पानं तपासायला मी एकटीच. गुडघाही कुरकुरतोय. शिवाय त्या मोठ्या लोकांत मी करू काय? हात दाखवू? हात म्हणजे काय प्रदर्शनात मांडायची वस्तू आहे होय? मला तर चहाचा कप धरतानासुद्धा कुणी बघितलेलं आवडत नाही.

आणखी एक. त्या कागदातलं माझ्या जुन्या मालकांबद्दलचं वाक्य काढता येईल का? म्हातारा माणूस आहे. धंदा आता जेमतेम चालतो. दोन बोटं गेली एवढं सांगितलंस तरी पुरे आहे की. का गेली, कशी गेली, ते लोकांना कशाला? बघ जमलं तर. नाही, जमवच.

मावशी


१७ फेब्रुवारी

मावशी,

चुकलंच माझं. पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. तुझा हात मी प्रत्येक ठिकाणी वापरत सुटलोय आणि तुला काय वाटत असेल याचा विचारच केला नाही. नको येऊस. मी बाईंना सांगतो, तब्येत बरी नाही म्हणून.

पण ते वाक्य मात्र मला काढता येणार नाही गं. समजून घे. नुसती बोटं गेली म्हटलं तर लोक हळहळतात आणि पुढे जातात. मालकाने बटण दुरुस्त केलं नाही म्हटलं की चिडतात. चिडलेला माणूस पैसे काढतो. हे मी तेवीस खोल्यांत शिकलोय. आणि खोटं थोडंच सांगतोय? घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. तू इतकी भली आहेस की ज्याने तुझा हात घालवला त्याचीच तुला काळजी!

खरं सांगायचं तर आता ते वाक्य काढून उपयोगही नाही. गेल्या महिन्यात एका स्पर्धेत बोललो, त्याचा व्हिडिओ बराच फिरला. मालकाचं नाव मी घेतलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, छापखाना कुठला, तर गल्ली तेवढी सांगितली.

आमच्याकडे जेमतेम या महिन्यापुरते पैसे उरलेत. चष्मिसच्या वडिलांनी तिच्यासाठी नोकरी बघून ठेवलीये आणि ती रोज "अजून चार दिवस" म्हणत त्यांना थोपवते. दोन तारखेला जमलं नाही तर दुकान बंद. तेव्हा तू फक्त दोन ओळी लिहून पाठव, "माझ्यासारखं कुणाचं होऊ नये" अशा. तुझ्या अक्षरात. मी बाईंना वाचून दाखवेन.

उचापत्या


२४ फेब्रुवारी

उचापत्या,

हे पत्र दोन तारखेच्या आधी वाच. शांत बसून वाच.

दोन ओळी लिहायला बसले आणि चार कागद फाडले. मी भली नाही रे. मी खोटारडी आहे. आता सांगते ते तुझ्या आईलाही माहीत नाही.

दुसरं बटण बंद नव्हतं. ठणठणीत होतं. त्या मशीनला डावीकडे एक, उजवीकडे एक अशी बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येणार. म्हणजे हात पात्याखाली जायचा प्रश्नच नाही. पण आम्हाला पैसे मिळायचे कापलेल्या गठ्ठ्यांवर. दोन्ही हात बटणावर अडकले की कागद सरळ करायला पुन्हा थांबायचं. म्हणून डाव्या बटणावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा आणि वह्या शिवायच्या दोऱ्याने करकचून बांधायचं. ते कायमचं दाबलेलं राहतं. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने कागद. दिवसाला पंधरा-वीस गठ्ठे जास्त निघतात. हे मला कुणी शिकवलं नाही. मीच शोधून काढलं आणि बाकीच्या दोघींना मीच शिकवलं. त्या दिवशी सकाळी बटण बांधलं ते मीच, या हातांनी.

मग दवाखान्यात कामगार खात्याचे साहेब आले. मशीनवर दोरा त्यांनी बघितला असेल, आता एक पैसा मिळणार नाही, वर नोकरीही जाणार, हीच मला भीती होती. त्यांनी विचारलं, "बाई, काय झालं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरं बटण चालत नव्हतं. मालकांना सांगितलं होतं, त्यांनी लक्ष दिलं नाही." साहेबांनी लिहून घेतलं. मालकांनी भरपाई दिली, एका शब्दाने वाद घातला नाही. त्यावर तुझ्या शिक्षणाची शेवटची दोन वर्षं निघाली. मालक रस्त्यात दिसले की मी आजही वाट बदलते.

त्या भल्या माणसाला तू आता गावभर वाईट ठरवलंस, आणि ते माझ्यामुळे. वाक्य काढ. बाईंना खरं काय ते सांग. मला काय म्हणायचं ते म्हणू देत.

आणि यंत्राबद्दल. तुझं यंत्र फार छान आहे, पण मी त्या मशीनवर असते तर पहिल्या दिवशी दुपारच्या आत त्या डोळ्यावर पट्टी चिकटवली असती. जे काम अडवतं ते आम्ही बांधतो. कुठल्याही बाइंडिंगमध्ये जाऊन बघ.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते.

मावशी


३ मार्च

मावशी,

मिळाले!! बाईंनी होकार दिला. पहिला हप्ता पंधरवड्यात खात्यावर जमा होईल. चष्मिसने आनंदाने खुर्चीवरून उडी मारली आणि चष्मा फोडून घेतला. आता खरी कंपनी झाली आमची. दाराला पाटी लावायचीये.

तुझं उत्तर काही आलं नाही. टपालात कुठेतरी अडकलं असेल. काही हरकत नाही, दोन ओळींशिवाय भागलं. भाषण नेहमीचंच केलं. आता ती गोष्ट फारशी सांगावी लागणार नाही, म्हणजे तुझ्या डोक्याला ताप नाही.

काम जोरात सुरू केलंय. आधी यंत्राची पेटी बदलतोय. चष्मिसला म्हटलं, झाकण असं कर की कुणाला पट्टी चिकटवता येऊ नये की दोरा बांधता येऊ नये. बघू.

आईला सांग. तू जप स्वतःला. पत्र लिहायची घाई करू नकोस, आता काही तातडी नाही.

उचापत्या


९ मार्च

उचापत्या,

अभिनंदन करायला पेन उचललं आणि ठेवून दिलं.

माझं पत्र तुला मिळालं होतं. दोरा आणि पट्टी तुझ्या स्वप्नात आली नव्हती, ती माझ्या पत्रातून आली. ते पत्र तू वाचलंस, त्यातलं यंत्राला उपयोगी पडेल तेवढं उचललंस, आणि दोन तारखेला उभं राहून तेच वाक्य पुन्हा म्हणालास. खरं ना? नाही म्हणू नकोस. मी स्वतः अकरा वर्षं खोटं सांभाळलंय, मला त्याचा वास येतो.

तुला रागवायला मी कोण? पहिलं खोटं माझंच. म्हणून आधी माझं निस्तरलं. परवा मालकांकडे गेले. पुढच्या खोलीत एकटेच पावतीपुस्तकांवर नंबर मारत बसले होते. मला बघून उठले, खुर्ची पुसली. तुझा व्हिडिओ त्यांच्या सुनेने त्यांना दाखवलाय. शाळेच्या वह्यांचं काम पंधरा वर्षं त्यांच्याकडे होतं, ते गेलं. शाळेने कारणही दिलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, दोरा, पुठ्ठा, साहेबांसमोरचं खोटं, सगळं. सांगताना इतकी रडले की नाक पुसायला त्यांनी मला रद्दी कागद दिला.

त्यांनी नंबर मारायचं यंत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "दोरा मीच कापला होता, बाई. तुम्हाला दवाखान्यात नेलं आणि साहेब यायच्या आत तिन्ही मशीनवरचे दोरे मी कापले. रोज बघत होतो ना मी. माल वेळेत निघत होता म्हणून बघून न बघितल्यासारखं केलं. साहेबांनी बटणाचं विचारलं तेव्हा म्हटलं, हो, अडकतं कधीकधी. तुम्हाला खोटं पाडलं असतं तर दोऱ्याचं निघालं असतं." मग म्हणाले, "तुमची बोटं गेली आणि माझं काम गेलं. माझं फार गेलं नाही."

मला वाटलं होतं, ते शिव्या देतील आणि मी सुटेन. तसं काही झालं नाही.

तुझं खोटं आता आठवड्याचं झालंय. पैसे अजून आलेले नाहीत. ते आले की मग सांगायला जड जातं, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. पुढचं तुझं तू ठरव.

मावशी


२० मार्च

मावशी,

हो. पत्र मिळालं होतं. अठ्ठावीस तारखेला दुपारी. टायरच्या दुकानाच्या जिन्यात बसून वाचलं आणि सगळ्यात आधी माझ्या मनात काय आलं सांगू? तू नाही, मालक नाहीत. मनात आलं, हे तीन दिवस उशिरा यायला काय झालं होतं! मग ते घडी करून बॅगेत टाकलं. बैठकीत ती बॅग माझ्या पायाशी होती. ते वाक्य म्हणून मी नेहमीसारखा थांबलो, नेहमीसारखी शांतता झाली, आणि बाईंचे डोळे भरून आले. मी बघत राहिलो. त्या वेळी तोंड उघडता आलं असतं.

तुझं नऊ तारखेचं पत्र आल्यावर तीन दिवस तसाच काढला. हप्ता जमा व्हायला दोन दिवस उरले तेव्हा चष्मिसला सांगितलं. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मी वर्षभर बिनपगारी बसले आणि एक पत्र तुला मला दाखवावंसं वाटलं नाही?" सामान आवरून वडिलांकडे गेली. परत येईल की नाही, माहीत नाही.

मग बाईंकडे गेलो. तुझी शेवटची दोन्ही पत्रं त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली. मी तयारी करून गेलो होतो, फसवलं म्हणतील, उठा म्हणतील. त्यांनी एकच विचारलं, "मावशींना नक्की काय झालं होतं, हे पहिल्यांदा गोष्ट सांगायच्या आधी तुम्ही त्यांना विचारलं होतं का?"

मावशी, मी नव्हतं विचारलं. कधीच नाही. घरात बोलायचे ते कानावर पडलं होतं, त्यात मी थांबायची जागा घातली. तेवीस माणसांना मी तुझ्या बोटांची गोष्ट सांगितली आणि ज्या बाईची ती बोटं होती तिला एकदाही विचारलं नाही. तू खोटं बोललीस ते भीतीने. मी तर खरं काय ते जाणून घ्यायचेही कष्ट घेतले नाहीत, मला हवं होतं तेवढं आयतं मिळालं म्हणून.

पैसे त्यांनी थांबवलेत. बंद म्हणाल्या नाहीत, पुन्हा या असंही म्हणाल्या नाहीत. दोन्ही पत्रं मात्र परत करताना म्हणाल्या, "माझ्या कारखान्यातही बायका बटणं बांधायच्या. मी कधी विचारलं नाही, का बांधता म्हणून."

व्हिडिओ काढून टाकलाय. त्या जागी दुसरा टाकलाय, त्यात माझं चुकलं एवढंच आहे, तुझं काही नाही. शाळेला लिहिलं. मालकांनाही लिहिलं, पण ते पत्र मलाच पटत नाहीये. स्वतः जाईन.

आता विचारतो. फार उशिरा विचारतो. हात अजून दुखतो का गं? त्या दिवशी इतकी घाई कसली होती तुला?

तुझा


२७ मार्च

बाळा,

दुखतो. थंडीत दुखतो, भांडी घासताना दुखतो, कपड्याचं बटण लावताना दुखतो. जी बोटं उरली नाहीत त्यांच्या टोकाला खाज सुटते आणि खाजवायला जागा नाही, त्याने तर जीव नकोसा होतो. हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मी खोटं बोलून पैसे घेतले, आता दुखतं म्हणायचा मला काय अधिकार?

आणि घाई म्हणशील तर कसलीच नव्हती. खूप आठवून पाहिलं. घरी कुणी आजारी नव्हतं, माल तुंबला नव्हता, गठ्ठे पुरे होत आले होते. रोज बांधायचे म्हणून त्या दिवशीही बांधलं. एवढंच. तुझ्या भाषणात घालण्यासारखं त्यात काही नाही.

तुझा राग येत नाही असं नाही. येतो. पत्र बॅगेत टाकलंस ते अजून टोचतं. पण मी तुझ्यासमोर साळसूद बनून बसू कुठल्या तोंडाने? दोघांनी मिळून ते सोसायचं आता.

मालकांकडे जाताना एकटा जा, मी येणार नाही. ते आपण दोघांनी वेगवेगळं फेडायचं आहे.

चष्मिसला स्वतः जाऊन भेट. चिठ्ठ्याचपाट्या नकोत. परत ये असं म्हणू नकोस, आधी तिचं सगळं ऐकून घे.

आणि मग रविवारी इकडे ये. यंत्र घेऊन ये. आमच्या बाइंडिंगमध्ये कटिंगवर पाच जणी आहेत. पाचही जणींच्या मशीनवर आज सकाळीही दोरा होता, मी डोळ्यांनी बघितला आणि यावेळी गप्प बसले नाही. तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं, "मावशी, मग गठ्ठे काय तुम्ही पुरे करणार?" म्हणाल्या. तुझं यंत्र त्यांना विकायला बघू नकोस, गोष्ट तर मुळीच सांगू नकोस. मी त्यांना सांगून ठेवलंय, माझा भाचा येतोय, तो काही सांगणार नाही, तो विचारणार आहे.

मावशी